राख कोणी उपसली?

आपल्या विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा संस्थेच्या वाटचालीवर लिहावे, असे प्रथम मनात आले. पत्र्याच्या खोल्या, कंदिलाच्या उजेडातील अभ्यासिका, मूठमूठ धान्य गोळा करून चाललेले भोजनगृह, हा सारा इतिहास लिहिण्यासारखाच आहे. परंतु तो आमच्याहून ज्येष्ठ असलेल्या मंडळींनी लिहावा, हेच योग्य. आम्ही येथे एका पर्वताविषयी लिहिणार आहोत. तो पर्वत आम्ही चित्राबाहेर कधी पाहिलेला नाही. तरीही गेली पंचवीस वर्षे तो आमच्या मनावर एखाद्या न फेडलेल्या ऋणासारखा बसून आहे.

१९९९ सालच्या पावसाळ्यातील गोष्ट. भूगोलाचे शिक्षक रजेवर असल्यामुळे आठवीचा तास आमच्याकडे आला होता. आम्ही इतिहासाचे पदव्युत्तर, भूगोल आमचा विषय नव्हे. पाठ ज्वालामुखींचा होता. विहाराच्या सभागृहात त्या वर्षी जपानी चित्रांची एक दिनदर्शिका लावलेली होती. नागपूरच्या भदन्त सुरई ससाई यांच्यामुळे जपान हा देश आपल्या समाजाला तसा परका राहिलेला नाही. त्या देशातून आलेली एखादी वस्तू आपल्याकडे जपून ठेवली जाते. तिच्यावर फुजी पर्वताचे चित्र होते. पांढरी टोपी घातलेला, दोन्ही बाजूंनी सारखा उतरत गेलेला तो शंकू आम्ही वर्गात आणून फळ्याशेजारी टांगला आणि पुस्तकातील वाक्य सांगितले : ज्वालामुखी तीन प्रकारचे असतात, जागृत, निद्रिस्त आणि मृत, फुजियामा हा निद्रिस्त ज्वालामुखी होय. १७०७ साली त्याचा शेवटचा उद्रेक झाला आणि दूरवरच्या गावांवर राखेचा पाऊस पडला, एवढे आम्हांला ठाऊक होते. तेवढेच सांगून आम्ही फळा पुसावयास घेतला.

शेवटच्या रांगेतून एक मुलगा उभा राहिला. त्याचे आईवडील दरवर्षी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जात. भट्टीसाठी राख लागते; ती चाळायची, घमेल्यात भरायची, मातीत कालवायची, हे काम त्याने लहानपणापासून पाहिले होते, बहुधा केलेही होते. त्याने विचारले, "सर, मंग ती राख कुणी उपसली?"

वर्ग हसला. आम्हीही हसलो, हे लिहिताना आज लाज वाटते. आम्ही म्हणालो, "अरे, हे परीक्षेला विचारत नाहीत. बस खाली."

तो बसला. दिवाळीच्या सुटीत घरी गेला तो परत आला नाही. आईवडिलांबरोबर भट्टीवर गेला, असे त्याच्या गावच्या दुसऱ्या मुलाकडून समजले. आमच्या एका वाक्याने त्याची शाळा सुटली, असे म्हणण्याचा आव आम्ही आणत नाही. त्यामागची कारणे दारिद्र्यात आणि उचलीच्या कर्जात होती. पण त्याला शोधावयास आम्ही गेलो नाही, त्याच्या वडिलांना साधे पत्रही लिहिले नाही, हे मात्र खरे आहे. हजेरीपटावर त्याच्या नावावर रेघ ओढली गेली आणि ती आम्हीच ओढली.

पुढे टाळेबंदीच्या काळात, वसतिगृह रिकामे पडले असताना, आम्ही जपानच्या इतिहासावर मिळेल ते वाचू लागलो. त्या वाचनात तो प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला. या वेळी आम्ही त्याला 'खाली बस' म्हटले नाही. हा लेख म्हणजे त्या मुलाला दिलेले उत्तर आहे. फार उशिरा दिलेले, पण उत्तर.

आधी पर्वताची ओळख करून घेऊ. फुजी हा जपानमधील सर्वांत उंच पर्वत, उंची ३७७६ मीटर. त्याला स्तरित ज्वालामुखी म्हणतात, कारण तो थरांनी बनलेला आहे : लाव्हाचा एक थर, त्यावर राखेचा आणि सच्छिद्र दगडगोट्यांचा थर, पुन्हा लाव्हा. दिनदर्शिकेवर एक दिसणारा पर्वत वास्तविक एकात एक दडलेल्या अनेक पर्वतांचा आहे. तळाशी कोमिताके नावाचा जुना ज्वालामुखी आहे, आणि त्याच्याही पोटात त्याहून जुना एक आहे, हे या शतकाच्या आरंभी खोल छिद्रे घेऊन काढलेल्या खडकांवरून कळले. सुमारे १ लाख वर्षांपूर्वी त्यांच्यावर 'जुना फुजी' उभा राहू लागला आणि त्याला झाकून गेल्या सुमारे १० हजार वर्षांत 'नवा फुजी' वाढला. आपल्याला दिसतो तो हा नवा. तोही अखंड राहिला नाही. सुमारे २९०० वर्षांपूर्वी त्याची पूर्वेकडील बाजू कोसळून दगडमातीचा प्रचंड लोंढा खाली गेला. पुढील उद्रेकांनी ती जखम भरून काढली. शिखरावरच्या मुखातून झालेला शेवटचा उद्रेक सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा, म्हणजे ढोबळमानाने सम्राट अशोकाच्या शतकाच्या आसपासचा. त्यानंतरचे सर्व उद्रेक पर्वताच्या कुशीतून, उतारांवर नवी मुखे फुटून झाले आहेत.

हा पर्वत तेथेच का, याचेही कारण आहे. पृथ्वीचे कवच ज्या भूपट्टांचे बनले आहे, त्यांपैकी तीन या परिसरात एकमेकांना भिडतात, आणि त्यांच्या खाली पूर्वेकडून पॅसिफिक भूपट्ट सरकत जातो. खाली जाणाऱ्या भूपट्टाबरोबर समुद्राचे पाणी खडकांत मुरून खोल जाते. तेथील उष्णतेत ते पाणी सुटते आणि वरच्या तप्त खडकाचा वितळणबिंदू खाली आणते. खडक वितळतो, हलका होतो, वर चढतो. यात कोणाचा कोप नाही की कोणाची कृपा नाही. हे आहे म्हणून ते होते. हे नसते तर ते झाले नसते. तथागतांनी जो कार्यकारणाचा नियम सांगितला, त्याचे याहून मोठे उदाहरण वर्गात देण्यासाठी आम्हांला अद्याप सापडलेले नाही.

आपल्या पायाखालची भूमीही ज्वालामुखीचीच आहे, हे विद्यार्थ्यांना सांगितले की ते चकित होतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थरावर थर साचत गेले. आज ते सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले आहेत. मात्र आपल्याकडे फुजीसारखा शंकू उभा राहिला नाही. भेगांतून वर आलेला पातळ लाव्हा दूरवर पसरला. म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे आणि सपाट माथ्याचे दिसतात. दोन्हीकडचा खडक मात्र एकाच जातीचा. असे उंच स्तरित शंकू बहुधा दुसऱ्या प्रकारच्या खडकाचे असतात, पण फुजी मुख्यतः बेसाल्टचा आहे, आणि आपला काळा पाषाण तोही बेसाल्टच. भाजे, कार्ले, अजिंठा येथील लेणी भिक्खुसंघासाठी याच पाषाणात कोरली गेली. ती कोरणाऱ्यांचे हात आपल्याला ठाऊक नाहीत. दान देणाऱ्यांची नावे काही ठिकाणी शिलालेखांत आहेत. छिन्नी धरणारा बहुतेक वेळा निनावीच राहिला.

लेखी इतिहासात फुजीच्या उद्रेकाची पहिली नोंद ७८१ सालची आहे. ८०० ते ८०२ या काळातील उद्रेकाने आशिगारा खिंडीचा राजमार्ग बंद पाडला आणि हाकोनेमार्गे नवा रस्ता काढावा लागला. ८६४ साली जोगान काळात वायव्य उतारावर भेगा पडून लाव्हाचा महापूर आला. सेनोउमी नावाचे मोठे सरोवर बहुतेक भरून गेले. उरले त्याचे दोन तुकडे, साईको आणि शोजीको. त्या लाव्हावर पुढे जे दाट अरण्य उगवले, ते आओकिगाहारा. तेव्हा राजदरबाराने काय केले? कौल लावला. पर्वतदेवतेच्या पुजाऱ्यांनी पूजाअर्चेत हयगय केली म्हणून हा कोप झाला, असा निष्कर्ष निघाला आणि आणखी पूजा करण्याचे, आणखी देवालय उभारण्याचे हुकूम सुटले. शेती आणि घरे गमावलेल्या माणसांविषयी राजदरबाराच्या बखरीत फारच थोडे आहे. हा प्रकार वाचताना आम्हांला परका वाटला नाही.

या पर्वताशी बुद्धांचेही नाव जोडलेले होते. ११४९ साली मात्सुदाई नावाच्या भिक्खूने शिखरावर मंदिर उभारल्याची नोंद आहे. शिखरमुखाच्या कडेवरील सुळक्यांना बौद्ध नावे होती. त्यांतील एक 'शाक-दाके' म्हणजे शाक्यमुनींचे शिखर. १८६८ नंतर नव्या राजवटीने शिंतो आणि बौद्ध यांची सक्तीने फारकत केली. १८७४ साली फुजीवरील बुद्धमूर्ती हटवल्या गेल्या आणि सुळक्यांची नावे बदलली. शाक-दाकेचे हाकुसान-दाके झाले. ज्यांच्या लेण्यांना पांडवांची नावे मिळाली, त्या आपल्यासारख्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. याच पर्वताच्या माथ्यावर स्त्रियांना जाण्यास बंदी होती. १८३२ साली ताकायामा तात्सू नावाची स्त्री पुरुषवेश करून चढून गेली. बंदी उठली ती १८७२ साली. चवदार तळ्याची वाट चाललेल्यांच्या वारसांना या चढाईचा अर्थही चटकन कळावा.

आता १७०७ सालाकडे येऊ. २८ ऑक्टोबर रोजी जपानच्या दक्षिण किनाऱ्याला अतिप्रचंड भूकंपाचा हादरा बसला आणि त्सुनामी आली. त्यानंतर ४९ दिवसांनी, १६ डिसेंबरला सकाळी, फुजीची आग्नेय बाजू फुटली. यास होएई उद्रेक म्हणतात. या वेळी लाव्हा वाहिला नाही. जे काही होते ते आकाशात उडाले. प्रथम पांढुरका, हलका दगड पडला आणि काही तासांतच त्याचा रंग बदलून काळा झाला. पायथ्याच्या सुबाशिरी गावात सुमारे ७५ घरे होती. तप्त दगडांनी त्यांतील निम्मी जळाली, उरलेली भाराखाली कोसळली. सुमारे १०० किलोमीटर दूर असलेल्या एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, भरदिवसा अंधार झाला. आराई हाकुसेकी या विद्वानाने आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेवले आहे की, त्या दिवशी दिवे लावून त्यांना व्याख्यान द्यावे लागले. उद्रेक १६ दिवस चालला आणि १७०८ च्या पहिल्या दिवशी थांबला. पर्वताच्या कुशीत शिखरमुखाहूनही मोठे मुख पडले. ते आजही दिसते.

पाठ्यपुस्तक येथे थांबते. त्या मुलाचा प्रश्न येथून सुरू होतो.

पायथ्याची पुष्कळशी गावे ओदावारा येथील सरदाराच्या जहागिरीत होती. शेतांवर कोठे हातभर, कोठे पुरुषभर उंचीची राख. वर्षाचे पीक तर गेलेच, पुढील वर्षाची पेरणीही गेली. जहागिरीच्या अधिकाऱ्यांनी पाहणी केली आणि शेतकऱ्यांना सांगितले की, राख तुमची तुम्हीच काढा. गावकरी एकत्र झाले आणि गाऱ्हाणे घेऊन एदोच्या वाटेला लागले. तेव्हा कोठे सूत्रे हलली. १७०८ च्या आरंभी राखेने भरलेला प्रदेश मध्यवर्ती शासनाने आपल्याकडे घेतला आणि सरदाराला त्याच्या बदल्यात दुसरीकडच्या चांगल्या जमिनी दिल्या. हा सरदार शासनाच्या सर्वोच्च सल्लागारांपैकी एक होता. सरदाराला जमीन मिळाली, कुळांना राख मिळाली.

त्याच वर्षी मदतीच्या नावाने देशभर कर बसवला गेला : दर १०० कोकु उत्पन्नामागे २ ऱ्यो. कोकु म्हणजे एका माणसाला वर्षभर पुरेल इतक्या तांदळाचे माप. या करातून सुमारे ४ लाख ८८ हजार ऱ्यो जमले. यांतील निम्म्याहून कमी रक्कम आपद्ग्रस्तांच्या कामी आली. मोठा भाग शोगुनच्या वाड्यातील बांधकामासारख्या खर्चासाठी राखून ठेवला, असे हाकुसेकी यांच्या लेखनावरून दिसते. थेट उद्रेकाने माणसे मेल्याच्या नोंदी थोड्या आहेत. माणसे मेली ती नंतर, उपासमारीने. खडक कसा वितळला, हे भूगर्भशास्त्र सांगेल. धान्य का पोहोचले नाही, हे इतिहासालाच सांगावे लागते.

मग राख कोणी उपसली? ज्यांच्या शेतात ती पडली, त्यांनीच. त्यांनी एक रीत काढली होती, तिला 'तेंचिगाएशी' म्हणतात. अर्थ, आकाश आणि पृथ्वी उलटवणे. शेतात खोल चर खणायचा. खालची सुपीक माती वर काढून बाजूला ठेवायची. राख चरात लोटायची. तिच्यावर ती माती पसरायची. मग शेजारी दुसरा चर. यंत्र नाही, हाती केवळ कुदळ आणि टोपली. कानागावा प्रांतातील उत्खननांत असे समांतर चर, एकाशेजारी एक, काळ्या राखेने भरलेले सापडले आहेत. जमिनीखाली राहिलेले ते काळे पट्टे आम्हांला एखाद्या दस्तऐवजाहून कमी वाटत नाहीत. ज्यांना लिहिता येत नव्हते, त्यांनी ते कुदळीने लिहिले.

राख नदीतही गेली. साकावा नदीचे पात्र तिने भरून वर आले, आणि १७०८ च्या पावसाळ्यापासूनच बांध फुटू लागले. राखेतून वाचलेली खालची गावे पुराने गेली. १७२६ साली तानाका क्यूगू यांच्या देखरेखीखाली भक्कम बांध पुरा झाला. म्हणजे १६ दिवसांच्या उद्रेकाची निस्तरणी जवळजवळ २० वर्षे चालली होती, आणि तरीही ती संपली नव्हती.

या प्रदेशाचा कारभार शासनाने इना तादानोबू या अधिकाऱ्याकडे सोपवला होता. लोककथा सांगते की, उपाशी गावांसाठी त्याने परवानगीविना सरकारी कोठार उघडले आणि त्या अपराधापायी आत्महत्या केली. सरकारी कागद तसे म्हणत नाहीत. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्ही कागदाच्या बाजूने राहू. पण सुबाशिरीच्या लोकांनी त्याचे स्मारक-देवस्थान बांधले, हीसुद्धा वस्तुस्थितीच आहे. गावाने सरदारासाठी काही बांधले नाही. धान्य दिले असे ज्याच्याविषयी वाटले, त्याच्यासाठी बांधले.

आणखी एक चूक आम्हांला दुरुस्त करावयाची आहे. 'निद्रिस्त' हा शब्द जपानी शास्त्रज्ञांनी कधीच सोडून दिला आहे. जुन्या समजुतीप्रमाणे शांत गणला गेलेला ओंताके पर्वत १९७९ साली अकस्मात जागा झाला, आणि सप्टेंबर २०१४ मध्ये पुन्हा उसळला तेव्हा ६३ गिर्यारोहक मृत वा बेपत्ता झाले. आता गेल्या १० हजार वर्षांत ज्याचा उद्रेक झाला, तो जागृतच धरतात. त्या हिशेबाने फुजी जागृत आहे. २००० आणि २००१ साली त्याच्या पोटात मंद कंपने वाढली होती. गेल्या ५६०० वर्षांत सुमारे १८० उद्रेक झालेल्या या पर्वताची तीनशे वर्षांची शांतता हीच असाधारण आहे. म्हणून तेथे धोक्याचे नकाशे करून ठेवले आहेत आणि कोणी कोणत्या मार्गाने बाहेर पडावे, याची आखणी केली आहे. शांत दिसणाऱ्याला निजलेला समजू नये, हा धडा आम्ही शिक्षकांनीही गिरवावा. शेवटच्या रांगेत न बोलता बसलेल्या मुलाविषयी आम्ही पुष्कळदा असाच समज करून घेतो.

आता आम्ही आठवीला इतिहास शिकवतो तेव्हा प्रत्येक पाठानंतर एक प्रश्न फळ्यावर लिहितो. किल्ला राजाने बांधला. दगड कोणी वाहिले? दुष्काळात सरकारने कामे काढली. खडी कोणी फोडली? हा प्रश्न आमचा नाही, हे आम्ही वर्गाला सांगतो. तो कोणाचा होता आणि त्याचे आम्ही काय केले, तेही सांगतो. दिवाळीच्या सुटीनंतर चौथ्या दिवसापर्यंत जे मूल परतत नाही, त्याच्या घरी आता आपल्या विद्यालयाचा कोणीतरी जातो. कधी मूल सापडते. कधी घराला कुलूप असते आणि शेजारी भट्टीचे नाव सांगतात. मग भट्टीवर जावे लागते. मागील दहा वर्षांत अशा वाऱ्या आम्ही पुष्कळ केल्या. काही मुले परत आणली, काही आणता आली नाहीत.

तो मुलगा आज चाळिशीजवळ असेल. त्याचे नाव आम्ही येथे लिहीत नाही; त्याची परवानगी आम्ही घेतलेली नाही. ही स्मरणिका माजी विद्यार्थ्यांच्या घरोघरी जाणार आहे. त्याच्या तुकडीतील कोणाच्या हाती ती पडली, तर हा लेख त्याच्यापर्यंत पोहोचवावा, एवढी विनंती आहे. त्याला सांगा, सरांनी उत्तर शोधले आहे. राख तुझ्या आईवडिलांसारख्या माणसांनी उपसली, आणि त्यांच्या चरांच्या खुणा अजून जमिनीत आहेत. त्याची मुले शाळेत जाण्याच्या वयाची असतील, तर हे विद्यालय त्यांचेही आहे. आणि तो स्वतः आला, तर त्या वर्गात, त्याच रांगेत, आम्ही त्याच्याशेजारी बसू. बसावयाची पाळी आता आमची आहे.

नमो बुद्धाय. जयभीम.